पुरवणी प्रश्नाचे मूल्य : महामारीच्या काळातील संसदीय उत्तराची समीक्षा

१

संसदेतील प्रश्नोत्तरांकडे वाङ्मयसमीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. भाषण हा वक्तृत्वाचा एक प्रकार म्हणून अभ्यासिला जातो; नामांकित संसदपटूंची भाषणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध होतात व क्वचित पाठ्यपुस्तकांतही स्थान मिळवितात. प्रश्नोत्तरे मात्र कार्यवृत्ताच्या जाडजूड खंडांत पडून राहतात. याचे कारण उघड आहे. भाषणाला एक कर्ता असतो आणि त्याच्या हेतूने ते बांधलेले असते. प्रश्नोत्तराला दोन कर्ते असतात, आणि ते एकमेकांना साहाय्य करण्यासाठी बोलत नसतात. त्यामुळे त्याची रचना तुटक भासते, आणि तुटक रचनेविषयी समीक्षकाची उदासीनता परिचित आहे.

वस्तुतः प्रश्नोत्तराचे रूप भारतीय परंपरेला परके नाही. उपनिषदांतील शिष्य गुरूला प्रश्न विचारतात. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त सांगितला जात नाही. महाभारताच्या वनपर्वात यक्षाच्या प्रश्नांना युधिष्ठिर उत्तरे देतो व त्या उत्तरांवर त्याच्या भावांचे प्राण अवलंबून असतात. तथापि या सर्व संवादांत एक गोष्ट समान आहे. सत्य प्रकट व्हावे, याविषयी उभयपक्षी मतभेद नसतो. संसदीय प्रश्नोत्तराची स्थिती निराळी आहे. येथे उत्तर देणाऱ्याजवळ माहिती असते, परंतु ती सर्वच्या सर्व उघड व्हावी अशी त्याची इच्छा असतेच असे नाही. प्रश्न विचारणाऱ्याजवळ माहिती अपुरी असते, आणि ही उणीव तो पुढच्या प्रश्नाने भरून काढू पाहतो. म्हणून या प्रकाराचा प्राण पहिल्या उत्तरानंतर येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नात असतो. सभागृहाच्या परिभाषेत त्याला पुरवणी प्रश्न म्हणतात. हा दुसरा प्रश्न विचारता येतो तोवरच पहिल्या उत्तराला उत्तर म्हणावयाचे. एरव्ही ते केवळ निवेदन होय.

हे विधान पारखून पाहण्यास इ. स. २०२० ते २०२३ या काळातील ब्रिटिश कॉमन्स सभेचे कार्यवृत्त विशेष उपयोगी आहे. त्या काळात कोविडच्या साथीने सभागृह रिकामे केले होते, पंतप्रधान स्वतः त्या रोगाने अत्यवस्थ होऊन परतले होते, आणि त्यांच्या उत्तरांचा हिशेब पुढे सभागृहानेच मागितला.

२

ब्रिटिश पार्लमेंटातील नोंदलेला पहिला प्रश्न १७२१ साली लॉर्ड्स सभेत साउथ सी कंपनीच्या प्रकरणी विचारला गेला, असे मानण्यात येते. खास पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांसाठी ठराविक वेळ राखण्याची प्रथा मात्र १९६१ सालची आहे. प्रथम ती आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांची होती. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी दोन्ही वेळा एकत्र करून बुधवारचा अर्धा तास ठरविला. त्यात विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न विचारता येतात. या प्रथेतील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. पंतप्रधानांना पूर्वसूचना देऊन विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच व औपचारिक असतो: आज त्यांचा कार्यक्रम काय आहे? त्यानंतर येणारे प्रश्न तत्त्वतः त्या प्रश्नाचे पुरवणी प्रश्नच असतात आणि त्यांची पूर्वसूचना द्यावी लागत नाही. अर्थात हा संपूर्ण अर्धा तास पुरवणी प्रश्नाच्या तत्त्वावर उभा आहे.

व्यवहारात या अर्ध्या तासाचे नाटक झालेले होते. दोन्ही बाजूंचे शेकडो सभासद दाटीवाटीने बसत, आपल्या नेत्याच्या प्रत्येक वाक्याला गजर करीत व प्रतिपक्षाच्या वाक्याची हुर्यो उडवीत. उत्तर प्रश्नाला धरून आहे की नाही हे पाहण्याइतकी शांतता क्वचितच मिळे. टोल्याला टाळी मिळाली की उत्तर दिले गेले, असा समज रूढ झाला होता.

२०२० च्या एप्रिलमध्ये ही रंगभूमी एकाएकी ओस पडली. २५ मार्च रोजी कोरोनाविषयक कायद्याला राजमान्यता मिळून सभागृहाला सुटी लागली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना ५ एप्रिल रोजी रुग्णालयात दाखल करण्यात आले व दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात हलविण्यात आले. सभागृह पुन्हा भरले तेव्हा मिश्र पद्धती स्वीकारण्यात आली: दालनात जास्तीत जास्त ५० सभासद अंतर ठेवून बसावयाचे, आणि १२० पर्यंत सभासद पडद्यावरून सहभागी व्हावयाचे. २२ एप्रिलच्या बुधवारी पंतप्रधानांच्या वतीने डॉमिनिक राब उभे राहिले. समोर मजूर पक्षाचे नवे नेते कीर स्टार्मर होते. ४ एप्रिलला त्यांची निवड झालेली, आणि त्यापूर्वी २००८ ते २०१३ या काळात ते सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख होते. गजर करणारे बाक रिकामे होते. वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न येऊ लागले, आणि उत्तरातील मोकळ्या जागा प्रथमच ऐकू येऊ लागल्या.

३

जॉन्सन व स्टार्मर यांची पहिली प्रश्नोत्तरे ६ मे २०२० रोजी झाली. तेथून पुढच्या तीन बुधवारांच्या नोंदी एकत्र वाचल्या असता प्रश्न व उत्तर यांच्या काळांतील भेद प्रथम नजरेत भरतो. प्रश्न बहुतांशी भूतकाळात आहेत: मृतांची संख्या युरोपात सर्वाधिक कशी झाली, चाचण्यांचे प्रमाण का घटले, वृद्धांच्या शुश्रूषागृहांना कोणता सल्ला दिला गेला होता. उत्तरे भविष्यकाळाकडे झुकलेली आहेत. ६ मे रोजी जॉन्सन यांनी महिनाअखेर दररोज २,००,००० चाचण्यांची आकांक्षा जाहीर केली. मागाहून पंतप्रधानांच्या कचेरीने खुलासा केला की हा आकडा चाचण्यांच्या क्षमतेचा आहे. चाचणी व चाचणीची क्षमता या दोहोंत केवढे अंतर असते हे दारात उभ्या असलेल्या रुग्णाला सांगावयास नको. २० मे रोजी, संपर्कशोधनाची जगात अव्वल ठरेल अशी व्यवस्था १ जूनपर्यंत उभी राहील, तीत २५,००० माणसे असतील व दिवसाला १०,००० नव्या रुग्णांचा माग काढता येईल, असे उत्तर आले. योजना २८ मे रोजी सुरू झाली खरी. परंतु तिचे एक अंग म्हणून ज्याचा गाजावाजा झाला होता ते मोबाइल ॲप इंग्लंडमध्ये २४ सप्टेंबरलाच हाती आले.

भविष्यकाळी उत्तराचा गुण असा, की ते दिले जाते त्या क्षणी खोटे ठरविता येत नाही. त्याचा दोष असा, की त्याची मुदत कार्यवृत्तात लिहिली जाते.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे व त्यात दोन्ही पक्षांची परीक्षा होते. १३ मे रोजी स्टार्मर यांनी १२ मार्चपर्यंत अमलात असलेल्या सरकारी सल्ल्याचा हवाला दिला: शुश्रूषागृहातील कोणास संसर्ग होण्याचा संभव फार कमी आहे, असे त्यात म्हटले होते. पंतप्रधानांनी, सल्ल्यात तसे म्हटले होते हे खरे नाही, असे उत्तर दिले. स्टार्मर यांनी त्याच दिवशी पत्र पाठवून सभागृहातील विधान दुरुस्त करण्याची मागणी केली. जॉन्सन यांचे प्रत्युत्तर असे, की अवतरण अर्धवट आहे. तो सल्ला समाजात संसर्ग पसरलेला नसतानाच्या स्थितीपुरता होता.

येथे समीक्षकाने कोणाची बाजू घ्यावी? मूळ मजकूर पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आढळतो. वाक्य सल्ल्यात होते. म्हणून ते नव्हतेच असे म्हणणे टिकत नाही. त्या वाक्याला एक अट जोडलेली होती आणि प्रश्नकर्त्याने ती वगळली. म्हणून प्रश्नही पूर्ण प्रामाणिक म्हणता येत नाही. परंतु या प्रसंगाचे खरे महत्त्व यापुढे आहे. ती अट केव्हा संपली व ती संपल्याचे शुश्रूषागृहांना कोणी कळविले, हा तिसरा प्रश्न या वादातून आपोआप निष्पन्न होतो, आणि हजारो वृद्धांच्या मृत्यूशी त्याचाच अधिक निकटचा संबंध आहे. अर्धवट अवतरण आणि सरसकट नकार यांच्या झटापटीत हा प्रश्न बाजूला पडला. पुरवणी प्रश्नाचा हक्क असणे पुरेसे नाही; कोणता पुरवणी प्रश्न विचारावा याचा विवेकही लागतो. विरोधी पक्षाची हानी पुष्कळदा सत्ताधाऱ्यांपेक्षा स्वतःच्या टोलेबाजीनेच अधिक होते.

तथापि याच काळात प्रश्नाचे प्रत्यक्ष फळही दिसले. २० मे रोजी, परदेशांतून येऊन रुग्णालयांत व शुश्रूषागृहांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून आरोग्यसेवेचा अधिभार वसूल करणे योग्य आहे काय, असे विचारण्यात आले. पंतप्रधानांनी अधिभाराचे समर्थन केले. दुसऱ्या दिवशी, २१ मे रोजी, त्या कर्मचाऱ्यांना अधिभारातून सूट देण्यात आली. सभागृहात जिंकलेले उत्तर चोवीस तासांत व्यवहारात हरले.

४

याच २० मे २०२० या तारखेला पुढे निराळा अर्थ प्राप्त झाला. दुपारी पंतप्रधान सभागृहात साथीविषयी उत्तरे देत होते. त्याच दिवशी संध्याकाळी सहानंतर त्यांच्या निवासस्थानाच्या बागेत कर्मचाऱ्यांचा मेळावा जमला व ते स्वतः सुमारे पंचवीस मिनिटे तेथे होते. त्या वेळी सामान्य नागरिकाला घराबाहेर, मोकळ्या जागेत, आपल्या कुटुंबाबाहेरील एकाच व्यक्तीला भेटण्याची मुभा होती. अंत्यविधींनाही जवळच्या आप्तांना उपस्थित राहता येत नव्हते, अशा कहाण्या देशभर होत्या.

हे सारे उघड होण्यास दीड वर्ष लागले. १ डिसेंबर २०२१ रोजी, आदल्या वर्षीच्या नाताळपूर्व मेळाव्याविषयीच्या वृत्ताचा आधार घेऊन स्टार्मर यांनी प्रश्न केला. आपल्या कचेरीत सर्व मार्गदर्शक नियम पूर्णपणे पाळले गेले, असे उत्तर आले. ८ डिसेंबरला, एक ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध झाल्यानंतर, उत्तराची रचना बदलली: कोणताही मेळावा झाला नाही व नियम मोडले गेले नाहीत असे आपणास वारंवार सांगण्यात आले आहे. १२ जानेवारी २०२२ रोजी बागेतील मेळाव्याबद्दल क्षमा मागण्यात आली. तो कामाचाच भाग आहे अशी आपली समजूत होती, असे कारण त्याला जोडलेले होते.

या तीन उत्तरांतील क्रियापदांचा क्रम भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. पहिल्यात वस्तुस्थितीचे विधान आहे, दुसऱ्यात इतरांच्या सांगण्याचे, तिसऱ्यात स्वतःच्या समजुतीचे. सत्याची जबाबदारी जगाकडून साक्षीदारांकडे, आणि साक्षीदारांकडून मनाकडे सरकत गेली. मनातील समजूत तपासण्याचे साधन सभागृहाजवळ नसते. म्हणून संकटात सापडलेले उत्तर बहुधा तेथेच आश्रय घेते.

मात्र या वेळी आश्रय मिळाला नाही, आणि त्याचे श्रेय कोणा एका वक्त्याच्या कौशल्याला देता येणार नाही. किंबहुना सभागृहाच्या शिष्टाचाराप्रमाणे दुसऱ्या सभासदाला खोटे बोलणारा म्हणता येत नाही. असे शब्द मागे घेण्यास नकार दिल्यामुळे २२ जुलै २०२१ रोजी डॉन बटलर यांना व ३१ जानेवारी २०२२ रोजी इयन ब्लॅकफर्ड यांना सभागृहाबाहेर जावे लागले. आरोप करणाऱ्यांना बाहेर जावे लागले. ज्याच्यावर आरोप होता ते उत्तर नोंदीत राहिले. हा नियम वरवर अन्यायकारक दिसतो. त्याच्या मागे गृहीत तत्त्व असे, की मंत्र्याचा शब्द खरा मानून चालावयाचे, आणि म्हणूनच तो खोटा ठरला तर अपराध सामान्य राहात नाही. जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा द्यावा व अनवधानाने झालेली चूक पहिल्या संधीस दुरुस्त करावी, असे मंत्र्यांच्या आचारसंहितेतच सांगितलेले आहे.

१२ एप्रिल २०२२ रोजी जून २०२० मधील एका मेळाव्याबद्दल पोलिसांनी जॉन्सन यांना दंड ठोठावला. या सर्व प्रकरणी एकूण १२६ दंड झाले. २१ एप्रिलला सभागृहाने मतविभागणीवाचून हा प्रश्न विशेषाधिकार समितीकडे सोपविला. समितीच्या सात सभासदांपैकी चार हुजूर पक्षाचे, म्हणजे जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते. अध्यक्षस्थानी मजूर पक्षाच्या हॅरिएट हार्मन होत्या. समितीने केलेले काम वाचनाचेच होते. वारंवार सांगण्यात आले या शब्दांचा अर्थ तिने विचारला: कोणी सांगितले, कशाविषयी सांगितले, केव्हा सांगितले? तेव्हा दिसून आले की आश्वासने प्रामुख्याने प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या माणसांकडून, आणि तीही एकाच मेळाव्यापुरती मिळालेली होती. सर्व काळी सर्व नियम पाळले गेले असे म्हणणे वास्तवाला धरून होईल काय, अशी शंका कचेरीतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने उत्तरापूर्वीच व्यक्त केली होती. बुधवारच्या अर्ध्या तासात जे पुरवणी प्रश्न राहून गेले होते ते समितीने अठरा महिन्यांनी विचारले. १५ जून २०२३ च्या अहवालात तिने सभागृहाची हेतुपुरस्सर दिशाभूल झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि १९ जून रोजी सभागृहाने तो ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला. जॉन्सन यांनी हे निष्कर्ष साफ नाकारले व समितीच्या निःपक्षपातीपणावर आक्षेप घेतला. अहवालापूर्वीच, ९ जून रोजी, त्यांनी सभासदत्व सोडण्याची घोषणा केली होती.

यावरून ब्रिटिश पद्धती निर्दोष आहे असे अनुमान काढणे चुकीचे होईल. उत्तराची शहानिशा झाली तोवर साथ ओसरली होती. ज्यांचे नातलग शुश्रूषागृहांत गेले त्यांना १३ मेच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या अर्ध्या तासाने दिले नाही. न्यूझीलंडने निराळा मार्ग धरला. तेथे मार्च २०२० मध्ये संसद तहकूब होताना साथप्रतिसाद समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षनेते सायमन ब्रिजेस यांना देण्यात आले, आणि मे महिन्यापर्यंत मंत्र्यांची व अधिकाऱ्यांची सविस्तर तपासणी पडद्यावरून सर्वांना पाहता आली. त्या मार्गात टाळीला जागा कमी व पुरवणी प्रश्नाला अधिक होती.

५

या विवेचनाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध जुना आहे आणि तोही साथीतूनच आलेला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जरांकरवी घरझडती चालली असता गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सोल्जरांच्या अत्याचारांविषयी गंभीर आरोप केले. प्रकरण कॉमन्स सभेत पोहोचले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडून आलेला इन्कार सभागृहापुढे ठेवला. गोखले परतले तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येण्यास तयार नव्हते, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

सरकारी उत्तर तेव्हा निर्विवाद ठरले, कारण दुसरा प्रश्न विचारण्यास लागणारा पुरावा सहा हजार मैलांवर भयाखाली दडलेला होता व ज्यांच्या घरांची झडती झाली त्यांचा प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. येथील विधिमंडळांत प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने नुकताच मिळाला होता. पुरवणी प्रश्नाचा हक्क मिळण्यास १९०९ च्या सुधारणांची वाट पाहावी लागली. हे मधले अंतर लहान वाटते. परंतु निवेदन व उत्तर यांतील सारा भेद त्यात सामावलेला आहे.

त्या दृष्टीने २०२० च्या सप्टेंबरात भारतीय संसदेने घेतलेल्या निर्णयाचा विचार करावा लागतो. १४ सप्टेंबरपासून भरलेल्या पावसाळी अधिवेशनात साथीमुळे कामाचे तास कमी करण्यात आले व प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे देण्याची व्यवस्था कायम होती; सबब सदस्यांचा माहिती मिळविण्याचा हक्क अबाधित आहे, असे समर्थन करण्यात आले. ते अगदीच पोकळ नव्हते. सभागृहात अधिकाऱ्यांची गर्दी टाळणे आवश्यक होते आणि लेखी उत्तरांतून आकडे खरोखरच मिळतात. परंतु त्याच पहिल्या दिवशी, टाळेबंदीत घराकडे निघालेल्या स्थलांतरित मजुरांपैकी किती जण मरण पावले, या प्रश्नावर श्रमखात्याचे लेखी उत्तर आले की अशी माहिती ठेवण्यात आलेली नाही. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे व कदाचित अक्षरशः खरेही आहे. का ठेवली नाही, ठेवण्याचे काम कोणाचे, आणि आता गोळा करणार काय, हे तीन प्रश्न ते वाक्य वाचणाऱ्या कोणाच्याही ओठांवर येतात. तारांकित प्रश्न असता तर ते तेथल्या तेथे विचारता आले असते.

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत दिलेले लेखी उत्तर याहून अधिक चर्चिले गेले. प्राणवायूच्या अभावी झालेले मृत्यू राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळविलेले नाहीत, असे आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांच्या उत्तरात होते. त्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिक जिल्ह्यातील महापालिकेच्या एका रुग्णालयात २१ एप्रिल रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला व वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. उत्तराचा सगळा भार विशेषत्वाने या क्रियाविशेषणावर आहे. तो शब्द काढला तर विधान उभे राहात नाही, आणि ठेवला तर ते खोटेही म्हणता येत नाही. राज्यांना भरून पाठवावयाच्या तक्त्यात या कारणासाठी रकाना होता काय, आणि नाशिकचे मृत्यू कोणत्या रकान्यात गेले, एवढे विचारताच उत्तराचे खरे स्वरूप स्पष्ट झाले असते. त्याच दिवशी राज्यसभेत साथीवर चर्चा झाली. परंतु चर्चेत प्रत्येक जण आपले भाषण पूर्ण करतो. उत्तरातील एका शब्दापाशी थांबण्याची सक्ती कोणावर नसते. येथे विरोधकांचाही दोष सांगितला पाहिजे. प्रश्नोत्तराचा तास पुन्हा सुरू झाल्यानंतरही त्या अधिवेशनातील कित्येक दिवस इतर विषयांवरील गोंधळात वाया गेले. हक्क काढून घेतल्याची तक्रार करणाऱ्याने तो परत मिळाल्यावर वापरला पाहिजे.

६

साथीच्या काळात उत्तरे मागत बसणे म्हणजे राज्यकर्त्यांच्या हातातील काम अडविणे होय, असा युक्तिवाद दोन्ही देशांत केला गेला. याला इतिहासच उत्तर देतो. १९४१ च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात कॉमन्स सभेचे दालन जळून गेले. सभा दुसऱ्या इमारतीत भरत राहिली आणि मंत्र्यांना प्रश्न विचारले जात राहिले. शिवाय साथीचे स्वरूपच असे असते की तिच्याविषयीची माहिती रुग्णालयांच्या, शुश्रूषागृहांच्या व स्मशानांच्या दारांवरून वर जाते. मतदारसंघातून आलेला सदस्य ही त्या माहितीची एक वाट आहे. प्रश्न बंद करणारे सरकार विरोधकांचे तोंड बंद करीत असताना आपलेही कान बंद करून घेत असते. २१ मे २०२० रोजी मागे घेतलेला अधिभार हा कान उघडे राहिल्याचा परिणाम होता.

संसदीय उत्तराच्या समीक्षेचे निकष यातून निश्चित करता येतात. उत्तर कोणत्या काळात दिले आहे. त्याची जबाबदारी वस्तुस्थितीवर आहे, दुसऱ्याच्या सांगण्यावर की स्वतःच्या समजुतीवर. कोणता एक शब्द काढला असता ते कोसळते. आणि त्यानंतर कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला. हे चारही निकष ग्रंथवाचनाचेच आहेत, आणि मराठीच्या विद्यार्थ्याजवळ ते आधीपासून असतात. कार्यवृत्ताचे खंड ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. त्यांतील उत्तरे वाचून, राहून गेलेला पुरवणी प्रश्न समासात लिहून ठेवण्याचे काम अद्याप बहुतांशी व्हावयाचे आहे.